थेंबांचा रविवार

धुळ्यात थंडी पडली की ती मला आधी रस्त्यावर दिसते आणि मग अंगाला लागते. कापसाने भरलेले ट्रॅक्टर जिनिंगच्या दिशेने निघतात, दोन्ही बाजूंनी इतके फुगलेले की मागून येणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. त्यांच्यातून निसटलेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहतात. शाळेत जाताना रिक्षातून मी त्या बाभळी बघते. लांबून फुलल्यासारख्या दिसतात, जवळ गेलं की धूळ आणि काटे. संध्याकाळी कुठूनतरी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा धूर येतो आणि त्यात भाजत्या वांग्यांचा वास मिसळलेला असतो. कुणाच्या तरी मळ्यात भरिताचा बेत असतो. शाळेतले सहकारी मला दरवर्षी बोलावतात, मी दरवर्षी काहीतरी कारण सांगते.

मग त्याच दिवसांत एका शनिवारी गल्लीतून रिक्षा फिरते. टपावर कर्णा. उद्या रविवार, पाच वर्षांखालच्या सगळ्या बाळांना पोलिओचे दोन थेंब. आवाज कोपऱ्यावर वळतो, लांब जातो, पुन्हा मागच्या गल्लीतून ऐकू येतो. मी हातातलं काम ठेवते. माझी माय आता माझ्याकडेच असते, बहुतेक वेळ गॅलरीतल्या खुर्चीत. रिक्षा आली की मी आधी तिच्या तोंडाकडे बघते.

वेचणीचा हंगाम आणि थेंबांचा रविवार मला वेगळे आठवतच नाहीत. शाळेत मी मराठी शिकवते. मुलांना आवडत्या ऋतूवर लिहायला सांगते आणि ढगांनी भरलेल्या वह्या तपासते. माझ्या मनात ठाण मांडून बसलेला ऋतू मात्र हिवाळा आहे, आणि त्याला आवडता म्हणायला जीभ रेटत नाही. आयुष्यात मला जितकी लाज वाटली, तिच्यातली बरीचशी याच दिवसांत वाटली. कोवळ्या उन्हात, स्वच्छ आकाशाखाली, चांगल्या माणसांच्या सोबतीत.

आमचं गाव धरणगावच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. आबा, म्हणजे माझे वडील, धरणगावच्या जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या कामाला होते. माय वेचणीला जायची. दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत आमच्या घरात सगळीकडे कापूस असायचा, म्हणजे मालकीचा नव्हे, चिकटून आलेला. आबांच्या भुवयांवर, मायच्या लुगड्यावर, भाकरीच्या पिठातसुद्धा. मी दीड वर्षाची असताना मला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय उतरत्या तापाबरोबर गेला. एवढंच मला लहानपणी सांगितलं गेलं होतं. माय ते दोन वाक्यांत सांगायची आणि कामाला लागायची. शेजारच्या बायका मात्र जास्त सांगायच्या. कुणी म्हणे ग्रहणाचं, कुणी म्हणे मागच्या जन्माचं. मागच्या जन्मी मी कुणाला तरी लाथ मारली असणार, असं एका म्हातारीने मला अगदी प्रेमाने समजावलं होतं, आणि मी कितीतरी दिवस ते कोण असेल याचा विचार करत असे.

दहा वर्षांची होईपर्यंत मी हातांवर सरकत किंवा एका काठीवर लोंबकळत फिरले. मग जळगावला शिबिर लागलं. ते एका सेवाभावी क्लबने लावलं होतं. क्लबला इंग्रजी नाव होतं, पण आमच्या गावात त्याला नुसतं क्लब म्हणायचे. क्लबात डॉक्टर, वकील, केळीचे मोठे व्यापारी, त्यांच्या घरच्या बायका. कोटाच्या खिशाला बिल्ला लावलेली माणसं एका शाळेच्या मैदानात मंडप घालून आम्हाला वाढत होती. त्यांनी वाढलेली पुरी मी आधी दोन्ही हातांत धरून बसले, कारण कोट घातलेल्या माणसाने वाढलेलं खायचं कसं ते मला कळेना.

क्लबचे अध्यक्ष लहान मुलांचे डॉक्टर होते. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचो. त्यांच्यासमोर एक तपकिरी कागद अंथरला होता, मला त्यावर झोपवलं आणि कारागिराने माझ्या पायाच्या कडेने पेन्सिल फिरवली. गुदगुल्या झाल्या म्हणून मी हसले. मायने हळूच चिमटा काढला. डॉक्टरांसमोर हसू नये असं तिला वाटलं असावं. डॉक्टरसाहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, हसू द्या हो, आमच्याकडे सगळे रडतच येतात. तेव्हापासून ते मला फार मोठे वाटायला लागले, आणि ते होतेही. पुढे जे घडलं त्याने त्यांचा मोठेपणा कमी झाला असं मी कधी मानलं नाही.

महिन्याभराने कॅलिपर तयार झाला. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली काळा बूट, गुडघ्यापाशी कडी. सकाळी कारागिराने तो मला चढवला आणि मी भिंतीला धरून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मला मायच्या कमरेच्या वरचं जग समोरून दिसलं. मग क्लबच्या एका माणसाने येऊन सांगितलं, अरे, आत्ताच कशाला घातलात, वाटप तर पाहुण्यांच्या हस्ते आहे. कॅलिपर उतरवला. पाहुणे दुपारी आले. तोवर आम्ही सगळी मुलं सतरंजीवर बसून राहिलो, ज्याचे त्याचे पाय टेबलावर चिठ्ठ्या लावून ठेवलेले. नाव पुकारलं की आईबापाने मुलाला कडेवर घेऊन वर जायचं, पाहुण्यांनी कॅलिपर हातात द्यायचा, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. आबांनी मला कडेवर नेलं. कॅलिपर जड होता, माझ्या हातून निसटला, पाहुण्यांनी तो पकडला आणि फोटोवाला म्हणाला, परत एकदा.

परतीच्या एसटीत आबा म्हणाले, "नवरीले बी दागिना एक डाव घालतस. आमनी पोरले दोन डाव घाला." सकाळी एकदा आणि पाहुण्यांनंतर पुन्हा एकदा, असा दोनदा घातला म्हणून. माय हसली आणि मग पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली. ती हसत होती की काय करत होती ते मला कळलं नाही.

त्या कॅलिपरवर मी शाळेत गेले. पाय वाढला की क्लब नवा करून देई. कॉलेजला जळगावच्या वसतिगृहात जागा मिळाली ती डॉक्टरसाहेबांच्या शब्दावर. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली, आणि ती पदवी त्या लोखंडी पट्ट्यांवर उभी आहे हे मी कधी विसरले नाही. दर जानेवारीत क्लबचा मेळावा असायचा आणि त्यात रुग्णांच्या वतीने आभार मानायला मला उभं करायचे. मी चांगलं बोलायचे. 'आपल्या ऋणात राहणेच आम्हाला आवडेल' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की ते म्हणताना माझे हात आपोआप जोडले जायचे. ते खोटं नव्हतं. पण खाली उतरताना दरवर्षी मान थोडी जास्त वाकलेली असायची, आणि वसतिगृहात परतल्यावर मी आरशात बघायचं टाळायचे. घेणाऱ्याच्या अंगात एक सवय मुरते. समोरच्याने काही मागायच्या आधीच तो हो म्हणायला तयार असतो.

तर नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो हिवाळा आला. मी बी.ए. होऊन गावी परतले होते, बी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत होते. साडी नेसायला लागले होते, कारण साडीत कॅलिपर झाकतो. वेचणी ऐन भरात होती. आणि एका संध्याकाळी क्लबची जीप आमच्या दारात येऊन उभी राहिली. आमच्या गल्लीत चारचाकी येणं ही घटना होती. पोरं मागे धावत आली होती.

डॉक्टरसाहेब खाटेवर बसले, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, त्या आमच्या एकुलत्या खुर्चीवर. साहेब खूप उत्साहात होते. साऱ्या देशात एकाच दिवशी सगळ्या मुलांना पोलिओचे थेंब देणार होते. जगातल्या किती देशांतून तो गेला, किती उरले, ते त्यांनी हवेत नकाशा काढून आबांना समजावलं. देवीचा रोग गेला की नाही, म्हणाले, तसाच हा जाणार. आपल्या हयातीत जाणार. आबा प्रत्येक देशाला मान डोलवत होते. साहेबांचे डोळे खरोखर पाणावले होते. आपल्या दवाखान्यात लुळे पाय घेऊन येणारी मुलं बघून बघून तो माणूस थकला होता, हे आज मला कळतं.

पण खेड्यातल्या बायका मुलांना घेऊन बाहेर येतील का, याची त्यांना काळजी होती. अंगावर पिणाऱ्या धडधाकट मुलाला औषध कशाला, असं त्या म्हणतात. भाषणांनी काही होत नाही. त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

मग ते माझ्याकडे वळले. "शोभा, तू जीपमध्ये पुढे बसायचंस. बोलायचं आम्ही. तू नुसती दिसलीस तरी पुरे."

वहिनींनी समजूतदारपणे भर घातली की साडी थोडी वर खोचून बसलीस तर बरं, म्हणजे बूट आणि पट्ट्या दिसतील. त्यांच्या आवाजात जराही तुच्छता नव्हती. शाळेच्या नाटकात कुणी कुठे उभं राहायचं ते सांगावं तशा त्या बोलत होत्या. मी हो म्हटलं. आबांनीही म्हटलं. फक्त माय चुलीपाशी उभी होती, तिने विचारलं, पोरीला किती वेळ बसावं लागेल. एवढंच. आणि थेंबांच्या त्या रविवारी ती वेचणीला गेली नाही. मुकादमाचं बोलावणं आलं तेव्हा तिने डोकं दुखतं असं सांगितलं. माझ्या आठवणीत हंगामात तिचं डोकं कधी दुखलं नव्हतं.

त्या सकाळचं ऊन मला अजून आठवतं. शाळेच्या पटांगणात कडुलिंबाची सावली लांबच लांब पडली होती. बायका खरोखर आल्या होत्या. साहेबांना वाटलं होतं त्याहून जास्त. ग्रामपंचायतीने दवंडी दिली होती, अंगणवाडीच्या बाईंनी घरोघर सांगितलं होतं. कडेवर, पाठीला, ओच्यात मुलं घेऊन पंचवीस-तीस बायका रांगेत उभ्या होत्या. टेबलावर बर्फाची पेटी, क्लबच्या टोप्या घातलेली दोन पोरं. काजळ लावलेली तोंडं, कुंच्या, नाकातून वाहणारं पाणी. रांगेत सगळ्यात पुढे आमच्या शेजारच्या सिंधूकाकू होत्या, पहिल्या नातवाला घेऊन. तो चार-पाच महिन्यांचा असेल. नातू झाला तेव्हापासून काकूंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि मग मला घेऊन जीप फाटकातून आत आली.

मी पुढच्या सीटवर होते, दार काढून टाकलेलं, पाय बाहेरच्या बाजूला, साडी घोट्याच्या वर खोचलेली. सकाळच्या उन्हात कॅलिपरच्या पट्ट्या चमकत होत्या, आबांनी आदल्या दिवशी त्या तेलाने पुसून ठेवल्या होत्या. रांगेतल्या पहिल्या बाईने, सिंधूकाकूंनी, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला रोजच पाहिलेलं. लहानपणी त्यांच्या ओट्यावर मी सरकत जायचे आणि त्या मला शेंगा द्यायच्या. पण त्यांनी आधी पदर ओढला आणि नातवाचं तोंड झाकलं. मागच्या बाईने झाकलं. मग रांगेतून एक हालचाल सरकत गेली, वाऱ्याने पिकात सरकत जाते तशी, आणि पदरांखाली मुलं दिसेनाशी झाली.

साहेबांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, परिणाम झाला. ते कर्ण्यावरून बोलायला लागले, बघा, नीट बघा या मुलीकडे, उद्या तुमच्या बाळाचं असं होऊ शकतं. ते जितकं बघा म्हणत होते तितक्या बायका माना वळवत होत्या. तान्ह्या जिवावर पांगळ्या माणसाची सावली पडू नये, पहिल्या वर्षात तर नाहीच, हे आमच्याकडे प्रत्येक आईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. बारशांना मी मागे भिंतीशीच बसायचे. पण क्लबच्या माणसांच्या घरात असं कुणी पांगळं नव्हतं आणि असा पदर त्यांच्यासमोर कधी कुणी ओढला नव्हता. त्यांनी शहरात बसून चांगल्या मनाने ठरवलं होतं की मला पाहून आया पुढे येतील. आया मागे सरकत होत्या. सिंधूकाकू फाटकाकडे निघाल्या. त्यांच्या मागे दुसरी, तिसरी.

मी साडी सोडून पाय झाकायचा प्रयत्न केला, पण काठ कडीत अडकला होता. खाली उतरायचं म्हटलं तर आधाराला कुणी हवं होतं. टोपी घातलेला एक पोरगा मला बघून म्हणाला, ताई, असंच बसा, साहेब बोलतायत. ज्या रोगाने माझा पाय नेला त्याचं औषध दहा पावलांवर बर्फात ठेवलेलं होतं आणि माझ्यामुळे बायका ते न घेता घरी चालल्या होत्या. लाज कधीकधी चेहऱ्यावर येते. त्या दिवशी ती पायातून वर चढत होती, जिथे एरवी काहीच हलत नाही तिथून.

माय पटांगणातल्या हातपंपाजवळ उभी होती. ती जीपकडे आली नाही. ती सरळ फाटकाकडे गेली आणि दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली, गोठ्यातून गुरं बाहेर पळू नयेत म्हणून उभं राहावं तशी. सिंधूकाकू म्हणाल्या, "सर बाजूले. पोऱ्यावर सावली पडी तिनी."

माय म्हणाली, "सावलीनं काही व्हत नही वं. हाई मन्हा हातनी चूक शे. पोरना काही दोष नही."

काकू थांबल्या. माय मोठ्याने बोलत होती, कर्ण्यापेक्षा मोठ्याने, आणि तिचा तो आवाज मी शेतात एकमेकींना हाक मारताना सोडून कधी ऐकला नव्हता. "मी कापूस येचाले गयथू. डोस पाजाना राही गया. म्हनीसन पोरना पाय गया."

कुणीतरी मागून विचारलं की तू तर इतकी वर्षं ताप आला म्हणून सांगत होतीस. माय त्या बाईकडे वळली. "लाज वाटे. म्हनीसन तापनं नाव सांगं."

साहेबांनी बोलायचं थांबवलं होतं. बायका मायकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत काय बदलत गेलं ते मी जीपमधून स्वच्छ पाहिलं. माझ्यावरची नजर सुटली आणि तिच्यावर जाऊन बसली. ग्रहण, मागचा जन्म, सावली, हे सगळं माझ्यावरून उतरून गेलं आणि त्याच्या जागी एक बाई उभी राहिली जिने चार बोंडांपायी लेकीला औषध पाजलं नाही. अशा बाईचा राग करता येतो. आणि आपण तिच्यासारखं वागायचं नाही, एवढं सहज ठरवता येतं. सिंधूकाकू मायजवळून मागे फिरल्या आणि टेबलापाशी जाऊन त्यांनी नातवाचं तोंड उघडं केलं. तो थेंबांनी दचकला, ओठ चाटले आणि रडायला लागला. रांग पुन्हा लागली.

संध्याकाळी आबांनी अंगणात वांगी भाजायला ठेवली. मी ओट्यावर कॅलिपर काढून बसले होते. मायचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. रागही धड येत नव्हता. बावीस वर्षांत प्रथमच माझ्या पायाला एक कारण मिळालं होतं आणि ते कारण समोर बसून कांदा चिरत होतं. माझी अवस्था आबांना दिसली असणार. ते वांगं उलटवता उलटवता म्हणाले, "त्या सालले आपला गावमा डोस उनाच नही. तू काठी धरीसन चालाले लागनी, तवय पहिली डाव नर्सबाई पेटी लई उनी."

म्हणजे पाजायचा राहिला असं काही नव्हतंच. मी काठीवर चालायला लागले तेव्हा कुठे गावात पहिल्यांदा डोस आला. मी मायकडे पाहिलं. ती मान वर न करता म्हणाली, "त्यास्नी रांग मोडी व्हती ना. आते लागनी ना परत?"

आणि वांगी जळतात म्हणून आबांना ओरडली. त्या दिवसापासून मला भरीत नकोसं झालं असं म्हणवत नाही. त्या रात्री मी चांगलं दोनदा वाढून घेतलं. नकोसं झालं ते नंतर.

जानेवारीत दुसरी फेरी झाली आणि क्लबचा मेळावाही. साहेबांनी या वेळी मायला मुद्दाम बोलावलं. व्यासपीठावर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. समोर साऱ्या तालुक्यांतून आलेल्या नर्सबाई, अंगणवाडीच्या बाया, ग्रामसेवक. साहेबांनी ती हकीकत सांगितली, आणि ते मनापासून सांगत होते. एका अडाणी मातेने कापसाच्या लोभापायी लेकीचा पाय घालवला, पण ती चूक साऱ्या गावासमोर कबूल करण्याची हिंमत तिने दाखवली. टाळ्या झाल्या. माय शालीच्या आत लहान झालेली. ती हसत होती, फोटोत हसतात तसं. लोभापायी हा शब्द तिला नीट कळला होता, कारण त्या शब्दावर तिने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

मग आभारासाठी माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले. साहेब, माझ्या मायची काही चूक नव्हती, गावात डोसच आला नव्हता. हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी बी.ए. झालेली मुलगी होते, बोलायला शिकलेली होते, आणि ते शिकणं मला ज्यांनी दिलं तेच समोर बसले होते. मी मायकडे पाहिलं. तिने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. समोर बसलेल्या बायांनी वह्या काढल्या होत्या. त्या ही गोष्ट चोपड्याला नेणार होत्या, नशिराबादला नेणार होत्या, डोंगराकडच्या पाड्यांवर नेणार होत्या. तिथेही बायका पदर ओढून उभ्या असतील. मी खरं सांगितलं तर हातात काय उरत होतं? नशीब, ग्रहण आणि मी. मी हात जोडले आणि ऋणात राहण्याचं वाक्य म्हटलं.

गोष्ट खरंच गेली सगळीकडे. ती पोहोचली तिथे थेंब पाजले गेले असतील, मला तसं मानायला आवडतं. पण गोष्ट गावातही राहिली. माय पाळणे फार गोड म्हणायची. आमच्या गल्लीतलं कुठलंही बारसं तिच्या आवाजाशिवाय झालं नव्हतं. त्या हिवाळ्यानंतर तिला बोलावणं यायचं, पण पाळण्याजवळ कुणी बोलवेना. ती मागे भिंतीशी बसायला लागली, माझ्या शेजारी. एकदा एसटीत दोन अनोळखी बाया कुजबुजल्या, तीच ती, डोस न पाजणारी. माय खिडकीतून पऱ्हाटीच्या शेतांकडे बघत राहिली. मी काही बोलायला गेले तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात इतका खरखरीत होता. वेचणीने बोटांची टोकं फाटलेली.

आबांनी एकदा म्हटलं होतं की आपण साहेबांना तरी खरं सांगू. माय म्हणाली, त्यांना किती आनंद झालाय, राहू दे. पुढे साहेब गेले. आबाही गेले. पोलिओ देशातून गेला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. मुख्याध्यापकांनी सूचना वाचून दाखवली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि एक मुलगा माझ्या पायाकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागला. माझ्या शाळेत आता कॅलिपर घातलेलं एकही मूल नाही. आमच्या वेळी प्रत्येक इयत्तेत एखादं तरी असायचं. साहेब म्हणाले तसं झालं, त्यांच्या हयातीत नाही तरी झालं. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. या वेळी मान वाकवावी लागली नाही.

परवाचा रविवार. कोपऱ्यावर बूथ लागला होता. गॅलरीतून दिसत होता. जीन्स घातलेल्या आया स्कूटीवरून येत होत्या, मुलाला उतरवत होत्या, थेंब पाजून निघून जात होत्या. रांग नव्हती, कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. माय खूप वेळ बघत बसली होती. हल्ली तिला बरंचसं आठवत नाही. जेवली की नाही ते विसरते, आबा गेले ते विसरते आणि मग पुन्हा कळलं की पुन्हा रडते.

मी चहा घेऊन गेले तेव्हा तिने माझा हात धरला. "बेटा, मी त्या दिनले येचाले जावाले नको व्हतं."

मी विचारलं, कुठल्या दिवशी.

तिला सगळं आठवत होतं. शेत कुणाचं, बांधावर कुणाची बैलगाडी उभी होती, नर्सबाई गावात आल्याचं कुणी सांगितलं, आणि ती कशी म्हणाली, एवढी ओळ संपवते आणि जाते, आणि ओळ संपली तेव्हा नर्सबाई निघून गेल्या होत्या. तिच्या आवाजात शंका नव्हती. तीस वर्षांत तिने ती चूक इतक्या वेळा ऐकली होती, स्वतःच्या नावावर इतक्या वेळा ऐकली होती, की आता तिला शेत होतं, ऊन होतं, बैलगाडी होती.

मी खाली बसले. गुडघ्याची कडी काढून जमिनीवर बसायला मला वेळ लागतो. मी तिला सांगितलं, माय, तेव्हा डोस आलाच नव्हता आपल्या गावात. तू ते नंतर सांगितलंस, रांग मोडत होती म्हणून. तुझी काही चूक नव्हती. आबांनीच मला सांगितलंय.

तिने ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. "त्या तर मन्हीच बाजू लेयेत," ती म्हणाली. आबा नेहमी तिचीच बाजू घ्यायचे, म्हणून त्यांची साक्ष बाद. दुसरं कुणी उरलं नव्हतं, ज्याला विचारता येईल. मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ती माझ्याकडे दयेने बघत होती, आपली शिकलेली लेक आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतेय, असं. मग तिने दोन्ही हात जोडले. माझ्यासमोर. मी आयुष्यभर जसे जोडले तसे.

"माफ कर वं माले."

मी ते हात धरले, खाली करायचा प्रयत्न केला. ते खाली होईनात. बोटांची टोकं आता मऊ झालीत, वेचणी सुटून किती वर्षं झाली. खाली कर्ण्यावर कुणीतरी बाळांना घेऊन या म्हणत होतं. नाही म्हणत राहिले तर तिला वाटणार होतं की लेकीने माफ केलं नाही. हो म्हटलं तर ती चूक तिची, कायमची, आणि शिक्का माझा.

"मी तुले माफ करं, माय," मी म्हटलं. "कवयनंच करं."

तिचे हात सुटले. तिने निवांत श्वास घेतला, चहाचा कप उचलला आणि कोपऱ्यावरच्या आयांकडे बघायला लागली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. उठायला मला आधार लागतो, आणि तो तिच्याकडे मागायचं मला धाडस होईना.